पाळण्यात दिसणारे पाय



मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. पोराचे पुढचे गुण तान्ह्या वयातच कळून येतात, हा त्या म्हणीचा रुळलेला अर्थ. आज आम्ही ती म्हण अक्षरशः घेणार आहोत. जन्माला येणाऱ्या सुमारे हजार मुलांत एखादे मूल असे असते, की त्याचे पाऊल आत वळलेले, तळवा दुसऱ्या पायाकडे फिरलेला आणि टाच वर ओढलेली असते. हे पाय खरोखरीच पाळण्यात दिसतात. आईला दिसतात, सुइणीला दिसतात, बारशाला आलेल्या बायकांनाही दिसतात. ते दिसल्यावर समाजाने पुढे काय केले, एवढीच कथा आज सांगावयाची आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, गेटसभांत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या नगर रस्त्यावरच्या पट्ट्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. प्रेसखाली बोटे गेलेल्या माणसांचे भरपाईचे अर्ज लिहिता लिहिता, अवयवाची किंमत कायदा कशी ठरवतो हे आम्हाला पाठ झाले. परंतु एका लहान मुलाच्या पायांपाशी आमची ती विद्या अपुरी पडली. ती हकीकत शेवटी सांगू.

प्रथम दोन दुखणी वेगळी करून घेऊ, कारण लोक त्यांची गल्लत करतात. पहिले, जन्मतः वाकडे पाऊल, ज्याला दवाखान्यात क्लबफूट म्हणतात. यात बहुधा मूल एरवी धडधाकट असते. दोष पावलात असतो, आणि वेळेवर हात लागला तर तो सुधारतो. दुसरे, सेरेब्रल पाल्सी. यात मूळ दोष पायात नसतोच. मेंदूची वाढ चालू असताना, जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच, त्याला इजा झालेली असते. हजारी दोन ते तीन मुलांना हे होते. मेंदूतली ती इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढते. हाडे लांब होतात आणि ताठरलेले स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. मग टाच टेकत नाही, गुडघे वाकलेले राहतात, मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर येतात, आणि खुब्याचे हाड हळूहळू आपल्या खोबणीतून सरकू लागते. पहिल्या दुखण्यात पाय बरा करता येतो. दुसऱ्यात पायाला सावरावे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे.

दोहोंच्या बाबतीत आपल्याकडे दोष मात्र एकाच ठिकाणी टाकला गेला. ग्रहणात गर्भारशीने काही चिरले, काही कापले, म्हणून पोर असे झाले! आमच्या आजीच्या तोंडी हे वाक्य होते, आणि आजही वस्तीत ते ऐकू येते. चंद्रसूर्याचा हिशेब शेवटी आईच्या नावावर मांडायचा, ही आपली जुनी रीत. पहाटे दारी येऊन दान मागणाऱ्या पांगुळाला सूपभर धान्य घालणारा हा समाज कठोर नव्हता. परंतु पांगळेपणाला दान द्यावयाचे असते एवढेच त्याला ठाऊक होते. उपचार हा शब्द त्या उंबऱ्यापर्यंत पोचला नव्हता.

युरोपातही स्थिती फार निराळी नव्हती. १७४१ साली पॅरिसमध्ये निकोला आंद्री नावाच्या वृद्ध वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंगे कशी टाळावी व सुधारावी, यावर आईबापांसाठी एक ग्रंथ लिहिला. त्याने ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘ऑर्थोपेडी’ हे नाव घडवले. ग्रंथात एक चित्र होते: वाकडे वाढलेले झाड आणि त्याला दोरीने बांधलेला सरळ खांब. आज हाडांच्या दवाखान्याबाहेर आपण जी पाटी वाचतो, तिच्या नावातच मूल दडलेले आहे. मोठ्यांची मोडलेली हाडे मागाहून त्या नावाखाली आली.

पुढचे पाऊल टाकले ते जर्मनीतील हॅनोव्हर शहरी श्ट्रोमायर या शल्यवैद्याने. टाचेमागची जी जाड दोरी पावलाला वर ओढून धरते, ती त्याने १८३१ साली कातडीला बारीक छिद्र पाडून आतल्या आत कापली. छिद्र बारीक का? तेव्हा जंतूंचे ज्ञान नव्हते, आणि उघडी जखम हमखास चिघळे. इवल्याशा छिद्रामुळे ती भीती पुष्कळ कमी झाली. १८३६ साली त्याच्याकडे लंडनहून एक तरुण डॉक्टर आला. त्याचे नाव विल्यम जॉन लिट्ल. लहानपणीच्या आजाराने त्याचे डावे पाऊल वाकडे झाले होते. श्ट्रोमायरने त्याचे पाऊल सरळ केले. लिट्लने ती विद्या शिकून घेतली आणि लंडनला परत येऊन अशाच रुग्णांसाठी दवाखाना उभारला. स्वतः रुग्ण झाल्यावाचून त्याला हे काम सुचले असते का, याबद्दल आम्हाला शंका आहे.

याच लिट्लने दुसऱ्या दुखण्याचीही वाट दाखवली, हे विशेष. ताठरलेल्या पायांची मुले पाहता पाहता त्याने त्यांच्या जन्माच्या हकीकती जमवल्या. अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, अडलेले बाळंतपण, जन्मल्यावर उशिराने रडलेले मूल या गोष्टींचा आणि त्या ताठरपणाचा संबंध त्याने १८६१ साली लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांपुढे मांडला. पुष्कळ वर्षे या दुखण्याला लिट्लचा रोग असेच म्हणत. १८९७ साली व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी, जे पुढे मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झाले, एक शंका काढली: बाळंतपण अडले म्हणून मेंदू दुखावला, की आधीच काही बिघडले होते म्हणून बाळंतपण अडले? आज दोन्ही गोष्टी घडतात असे दिसते. कित्येक मुलांत इजा गर्भातच झालेली असते. आपल्याकडे मात्र जन्मताना गुदमरणे, अपुरे दिवस, तान्हेपणीची तीव्र कावीळ आणि जंतुसंसर्ग ही कारणे अजूनही मोठी आहेत, आणि ती बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगी आहेत.

म्हणजे मुलाच्या पायांचा प्रश्न आईच्या बाळंतपणापाशी जाऊन पोचतो. येथे आमच्या गावाची आठवण निघणे साहजिक आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर भीमेकाठच्या विजयस्तंभाला अभिवादन करण्यास आले, हे आपण सर्व जाणता. पण त्यानंतर दीडच वर्षाने, १९२८ च्या जुलैत, मुंबईच्या कायदे कौन्सिलात कारखान्यातील बायकांना बाळंतपणाची भरपगारी विश्रांती मिळावी या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला, हे फारसे सांगितले जात नाही. बाळंतपणाआधी आणि नंतर मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशातला तो तसला पहिला कायदा. स्तंभापुढे नतमस्तक होणाऱ्या प्रत्येकाने हेही एक पान वाचावे, अशी आमची विनंती आहे.

आता आपल्या देशात पाय कोणी मोजले ते पाहू. सरकारने आधी मोजले ते सैनिकाचे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या शिपायांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी संस्था निघाली व पुढे ती खडकीला आली. १९४४ साली पुण्यात वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले, तेही युद्धामुळेच. त्यानंतर कामगाराचे पाय मोजले गेले. १९२३ च्या भरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद शेकडा किती घटली, याचा त्यात तक्ता होता. तो तक्ता आम्ही शेकडो वेळा उघडला असेल. त्यात मुलाच्या पायाला रकाना नव्हता, कारण मूल कमावत नाही.

मुलांचे पाय मोजावयास निराळी माणसे पुढे आली. १९२९ साली गिरणगावात, परळला, बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाने मुलांचे स्वतंत्र रुग्णालय उघडले. गिरणी कामगाराच्या चाळीपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी ते होते, ही त्यातली मोठी गोष्ट. पुढे फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. स्वातंत्र्यलढ्यात वावरलेली, उमर सोबानी या गिरणीमालक देशभक्ताची ही बहीण, मुलीला घेऊन मद्रासच्या डॉ. किणींपर्यंत गेली. मुलीचे उपचार पाहिले तेव्हा, ज्यांना मद्रासचे तिकीट परवडत नाही त्यांच्या मुलांचे काय, हा विचार बाईंच्या मनात आला. १९४७ साली डॉ. बाळिगा यांच्या साह्याने त्यांनी मुंबईत लहानसा दवाखाना सुरू केला. त्यातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजी अलीजवळचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. १९५५ साली त्याच परिसरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या साह्याने भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

त्या काळी खाटा भरलेल्या असत त्या पोलिओच्या मुलांनी. सेरेब्रल पाल्सीचे मूल मागे राही. त्याला बोलता येत नाही म्हणजे कळतही नाही, असा सरसकट समज होता, आणि ज्याला कळत नाही त्याला उभे कशाला करावयाचे, असा पुढचा विचार. या समजुतीला मुंबईत दोन बाजूंनी धक्का बसला, आणि योगायोगाने साल एकच, १९७२. हाडांच्या शल्यवैद्य डॉ. पेरिन मुल्लाफिरोज यांनी अशा मुलांच्या पायांवरील शस्त्रक्रियांचा अनुभव त्या साली परदेशी वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्याच साली मिठू अलूर यांनी कुलाब्याला तीन मुलांना घेऊन शाळा काढली व ‘स्पॅस्टिक्स सोसायटी’ स्थापली. त्यांची स्वतःची मुलगी याच दुखण्याची होती. पुढे ती उच्च शिक्षण घेऊन लेखिका झाली. ज्याला उठता येत नाही त्याला कळत नाही, हे म्हणणे तिने एकटीने खोटे पाडले.

मुंबईच्या गोष्टी झाल्या, आपल्या मुलखाचे काय? कोरेगावाजवळच्या वढू बुद्रुकला आपण संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ओळखतो. त्याच वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० नंतरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. डॉक्टर गावात येईल ही वाट न पाहता गावातल्याच माणसांना आरोग्याचे शिक्षण द्यावे, घरोघर गर्भारशी आणि तान्ह्या मुलांवर नजर ठेवावी, अशी त्यांची पद्धत. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तेथे शिरूर व हवेली तालुक्यांतील गावांत जन्ममृत्यूंची बारकाईने नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. त्याच केईएममध्ये डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा अठरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला. बाळ जगले म्हणजे काम संपले नाही, ते पुढे कसे चालते, कसे शिकते हेही पाहिले पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

आता वाकड्या पावलाच्या उपचाराकडे वळू. आमच्या मते या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर हकीकत आहे. इग्नासिओ पोन्सेटी हा स्पेनच्या मिनोर्का बेटावरील घड्याळजीचा मुलगा, जन्म १९१४. पोरवयात बापाच्या हाताखाली त्याने घड्याळे दुरुस्त केली. वैद्यक शिकून बाहेर पडतो तो १९३६ साली यादवी युद्ध पेटले. लोकशाही सरकारच्या बाजूने त्याने जखमींची सेवा केली. पराभवानंतर जखमींना डोंगरवाटेने फ्रान्समध्ये पोचवले, तेथून तो मेक्सिकोला व १९४१ साली अमेरिकेत आयोवाला गेला. तेथे त्याने पाहिले, की लहानपणी मोठ्या शस्त्रक्रिया झालेली पावले मोठेपणी ताठर व दुखरी होतात. मग त्याने पावलाच्या सांध्यांचा, घड्याळाच्या चाकांचा करावा तसा अभ्यास केला. तान्ह्या मुलाची हाडे अजून मऊ असतात आणि सांध्यांचे बंध हळूहळू ताणता येतात. म्हणून त्याने जोर लावला नाही. हाताने पाऊल थोडे वळवावयाचे, बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालावयाचे, आठवड्याने काढून आणखी थोडे वळवावयाचे. अशी पाच ते सात प्लास्टरे. शेवटी बहुतेक मुलांत टाचेमागची दोरी बारीक छिद्रातून कापावयाची, म्हणजे श्ट्रोमायरचीच युक्ती, आणि तीन आठवड्यांचे अखेरचे प्लास्टर. त्यानंतर दोन बूट व त्यांना जोडणारी आडवी पट्टी: पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे चार वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी.

त्याने आपले निष्कर्ष १९६३ साली छापले, पण त्यांना विचारले कोणी नाही. मोठ्या शस्त्रक्रियेचे वजन मोठे असते, प्लास्टर हे साधे काम वाटते. १९९५ साली तीस वर्षांपूर्वीच्या रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी शेकडा ७८ जणांची पावले उत्तम किंवा चांगली चालत होती. जन्मतः सरळ पावलांच्या माणसांत हेच प्रमाण ८५ निघाले. तेव्हा जगाचे डोळे उघडले. २००९ साली पंचाण्णव वर्षांचे होऊन पोन्सेटी वारले, तोपर्यंत ही पद्धत भारतातही रुजू लागली होती. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी करावी असा तो कार्यक्रम, आणि त्याच्या यादीत वाकडे पाऊल हे नाव स्पष्ट लिहिलेले होते. पोलिओचा देशातला अखेरचा रुग्ण २०११ सालचा. त्या खाटा रिकाम्या झाल्यावर मागे राहिलेल्या मुलांकडे लक्ष जाण्यास जागा झाली.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला असे सहा आठवड्यांचे उत्तर नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. शल्यवैद्य मेंदू बदलू शकत नाही. पूर्वी दर एक-दोन वर्षांनी एकेक शस्त्रक्रिया होई, आणि मुलाचे बालपण प्लास्टरात जाई. आता शक्य तेथे थांबून, योग्य वयात, खुबा, गुडघा व घोटा यांतील आवश्यक दुरुस्त्या एकाच वेळी करण्याकडे कल आहे. खुबा न दुखता सरकतो, म्हणून ठरावीक अंतराने त्याचा एक्स-रे काढावा, अशा मार्गदर्शक सूचना २०२२ साली भारतीय तज्ज्ञांनी तयार केल्या. व्यायाम, पायपट्ट्या, बसावयाची योग्य खुर्ची आणि शाळा यांचे काम शस्त्रक्रियेपेक्षा कमी नाही. १९९९ व २०१६ च्या कायद्यांनी या मुलांचे नाव घेऊन हक्क मान्य केले. पण कायद्याचे नाव घेणे आणि मुलाला शाळेच्या पायऱ्या चढता येणे यांत अंतर असते, हे आम्हा कामगारांना कोणी शिकवावयास नको.

आता कबूल केलेली हकीकत. आमच्या भागात एका कारखान्यात मराठवाड्यातून आलेला एक कंत्राटी कामगार होता. कोरेगावात एका खोलीत बिऱ्हाड. त्याला मुलगी झाली, दोन्ही पावले आत वळलेली. अंगणवाडीच्या बाईंनी वेळेवर सांगितले, पुण्यात प्लास्टर सुरू झाले, तेही बिनखर्चाचे. खर्च नव्हता तो प्लास्टरला. आठवड्यातून एक दिवस पुण्याला जावयाचे म्हणजे एका दिवसाची मजुरी जावयाची, आणि ठेकेदाराच्या वहीत खाडा पडावयाचा. चौथ्या खाड्याला ठेकेदाराने त्याला दुसरा माणूस पाहतो म्हणून सांगितले. तो आमच्याकडे आला. आम्ही तेव्हा मागणीपत्राच्या वाटाघाटीत गुंतलो होतो. अठरा मागण्या होत्या: बोनस, कँटीन, गणवेश, आणि कामगारांना सुरक्षेचे बूट. आम्ही त्याला म्हणालो, “बाबा, हा तुझा घरचा प्रश्न. करार होऊ दे, मग बघू.”

त्याने कशीबशी प्लास्टरे पुरी केली. पावले सरळ झाली. पण पुढचे बूट आणि पट्टी राहिली. मुलगी रात्री रडे, पहिल्या पाळीला पाच वाजता उठावयाचे, शेजारीही बोलू लागले. पट्टी खुंटीला लटकली. पट्टी सुटली की पाऊल पुन्हा वळते, हे त्याला सांगितले होते, पण पुन्हा सांगावयास कोणी नव्हते. बूट बदलण्यास पुण्याला जावे, तर पुन्हा खाडा. तीन वर्षांची असताना मुलगी पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागली. एक दिवस तिला खांद्यावर घेऊन तो गेटसभेला आला. भांडायला आला नव्हता. सभा संपल्यावर त्याने तिला खाली उतरवले आणि आमच्यापुढे चार पावले चालवले. बोलला काहीच नाही. आमच्या पायांत तेव्हा करारात मिळवलेले नवे बूट होते.

त्या मुलीचे पुढे पुन्हा प्लास्टर झाले, एक शस्त्रक्रिया झाली, आणि आज ती शाळेत पळते. पण जे पट्टीने झाले असते त्यासाठी तिला भूल घ्यावी लागली. त्यातला आमचा वाटा आम्ही विसरलेलो नाही. पुढच्या मागणीपत्रात आम्ही एकोणिसावी मागणी घातली: लहान मुलाच्या दीर्घ उपचारासाठी आईला किंवा बापाला आठवड्यातून एक दिवस भरपगारी रजा. एका कारखान्याने ती मान्य केली, पण कायम कामगारांपुरती. कंत्राटी कामगार बाहेरच राहिला, म्हणजे ज्याच्यामुळे मागणी सुचली तोच. राज्य विमा योजनेचा आधार कामगाराच्या कुटुंबालाही मिळतो. १९४४ सालच्या प्रा. आडारकरांच्या अहवालातून तिचा पाया घातला गेला आणि १९४८ साली तिचा कायदा झाला. परंतु ठेकेदाराने नावच नोंदवले नाही तर त्या कार्डाचा उपयोग काय? ती लढाई चालू आहे, आणि ती जिंकलो असे सांगावयास आम्ही आज येथे उभे नाही.

आपणांपाशी दोन मागणी आहेत. पहिली घरची. तान्ह्याचे पाऊल आत वळलेले असेल आणि हलक्या हाताने सरळ होत नसेल, तर मालिशवालीवर विसंबून महिने घालवू नका, पहिल्या आठवड्यातच दवाखान्यात न्या. चार महिने झाले तरी मान धरत नाही, मुठी सदा आवळलेल्या, पाय ताठ होऊन कात्री धरतात, वर्षाच्या आत एकच हात पुढे करते, असे दिसले तर ‘होईल हळूहळू’ म्हणू नका. आणि ग्रहणाचे नाव काढून त्या आईला बोलू नका. दुसरी मागणी बाहेरची. आपल्यापैकी कोणी दुकानदार असेल, कोणी कारखान्यात अधिकारी, कोणाच्या घरी धुण्याभांड्याला बाई येत असेल. तिने प्लास्टरसाठी बुधवारी सुट्टी मागितली, तर तो बुधवार कापू नका. असे सहा-सात बुधवार द्या, आणि पुढची चार वर्षे, भेटाल तेव्हा, रात्री पट्टी घालता ना, एवढे विचारीत जा. आम्ही ते विचारले नव्हते.